आजच्यापुरतं दुःख

प्रश्न: घणसोलीला राहते, वय 44. चौदा महिन्यांपूर्वी माझे मिस्टर हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. मुलगा दहावीला आहे. मंडळीत (चर्चमध्ये) नियमित जाणारं आमचं घर, पण आता उपासनेत बसवत नाही. सगळे म्हणतात, "ते प्रभूजवळ आहेत, रडतेस कशाला? वर्तमानात जग." दिवसा घराच्या हप्त्याची चिंता असते. रात्री त्यांचे जुने व्हॉइस मेसेज ऐकत पडते. त्यांच्या नंबरला अजून रिचार्ज मारते. माझा विश्वास कमी पडतोय का? वर्तमानात जगायचं म्हणजे करायचं काय? कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात असं कळलंय, तेही सहन होत नाही. त्यात नाताळ तोंडावर आलाय.

उत्तर:

ताई, सलाम.

आधी विश्वासाचं बोलू, कारण बाकीच्या सगळ्यावर त्याचंच ओझं आहे. रडू येतं म्हणजे विश्वास कमी, हा हिशोब आपल्या मंडळ्यांत फार चालतो. शवपेटीजवळ कुणी हंबरडा फोडला की मागून एखादी ज्येष्ठ बाई येऊन दंड धरते आणि कानात म्हणते, "साक्ष बिघडते गं," म्हणजे लोकांना तुझा विश्वास डळमळलेला दिसतो. मी आधी परिचारिका होते, नंतर बरीच वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत, ज्या घरात मृत्यू झालाय तिथे समुपदेशनाला जाते. असल्या बोलण्याने उपासनेपासून तुटलेली जेवढी माणसं पाहिली, तेवढी कुठल्या नास्तिकाच्या युक्तिवादाने तुटलेली पाहिली नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय सावकाश वाचा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहतो. बेथानीला पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आधी मार्था भेटते, मग मरिया, आणि दोघी बहिणी त्याला एकच गोष्ट ऐकवतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती, तोंडावर केलेली. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. मार्थाला बोलायचं असतं, तिच्याशी तो बोलतो. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे वचन आपण दफनाच्या वेळी हमखास ऐकतो, ते या बोलण्यातलं. मरिया मात्र पायाशी पडून रडते. तिला तो काही शिकवत नाही, तिच्या रडण्याने त्यालाच भरून येतं. थोड्याच वेळात लाजर कबरेतून चालत बाहेर येणार हे त्याला ठाऊक आहे, तरीही तो रडतो. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये असा नियम असता, तर तो येशूनेच आधी मोडला असता.

प्रेषित पौलाचं वचनही लोक अर्धंच सांगतात. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही.

"ते प्रभूजवळ आहेत" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण वेळ चुकते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र सापडायचे नाहीत. पुढे तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पुन्हा कुणी असं म्हटलं तर "हो, ते तिथे आहेत, मी इथे आहे, म्हणून रडते" एवढं बोला आणि चहा ठेवायला उठा. लोकांना सुधारत बसायचं काम आत्ता तुमचं नाही.

आता उपासनेत बसवत नाही त्याबद्दल. आपल्याकडे गायनं बहुतेक आनंदाची आणि धन्यवादाची निवडतात. आतून सगळं कोसळलेलं असताना टाळ्या वाजवून धन्यवाद म्हणायचे म्हणजे घशात घास अडकतो. पण पवित्र शास्त्रातल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" इथूनच सुरू होतं. बहुतेक विलापस्तोत्रांना शेवटाकडे विश्वासाचं वळण मिळतं, अठ्ठ्याऐंशीव्याला तेही नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणून शोकात असलेल्या माणसाला मी स्वतःचं स्तोत्र लिहायला सांगते. त्याला कविता यावी लागत नाही. देवाला हाक मारायची, गाऱ्हाणं सांगायचं, मग जे हवंय ते मागायचं. विश्वासाची ओळ आली तर लिहायची, नाही आली तर ओढूनताणून आणायची नाही. ऐरोलीच्या एका बाईंनी लिहिलेलं त्यांच्या परवानगीने सांगते: "प्रभू, गॅस बुक करायला अजून त्यांचाच मोबाइल लागतो. मी किती वेळा ओटीपी बघून रडू? नाव बदलून मिळू दे, आणि बदललं की मला फार वाईट वाटू देऊ नकोस." मला ही प्रार्थना पुष्कळ उपदेशांपेक्षा शास्त्राला धरून वाटते.

आपल्या ठाण्यातलंच एक उदाहरण आहे, जरा जुनं. 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा दुसरीकडे होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि पुढे एकटाच या किनाऱ्यावर काम करत राहिला. त्याची पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत एकटेपण लपवलेलं नाही, हालअपेष्टा लपवलेल्या नाहीत, आणि माझ्याजवळ माणसं पाठवा ही मागणीही आहे. हुतात्म्यांना पुरणारा मिशनरी गाऱ्हाणं करू शकतो, तर घणसोलीतल्या बाईने का करू नये?

वर्तमानाकडे येते. "वर्तमानात जग" हे हल्ली चहाच्या कपावरही छापलेलं असतं. त्याचा अर्थ लोक असा घेतात, की मागचं सोड, पुढचं सोड, श्वासावर लक्ष दे. श्वासावर लक्ष देण्याने झोप लागायला मदत होते, माझी हरकत नाही. पण येशूचं म्हणणं निराळं आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, उद्याची चिंता करू नका असं सांगून तो शेवटी म्हणतो, "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." म्हणजे आजच्या दिवसात दुःख असणार हे धरूनच तो बोलतोय. आजचा दिवस गोड करून घ्या, असं तो सांगत नाही. आजचं दुःख आज सोसा, त्यात उद्याचं मिसळू नका, एवढंच सांगतो. त्याच अध्यायात आपण रोज म्हणतो ती प्रार्थनाही आहे. तिच्यात मागितलेली भाकर आजची आहे.

यामागे मान्न्याची गोष्ट आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने धाडलेलं अन्न, मिळतो, ज्याला जेवढा लागतो तेवढा. काहींनी उद्यासाठी ठेवून पाहिला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. तुमच्या दिवसाचं मला तसंच काहीसं होताना दिसतंय. दुपारी तुम्ही पुढच्या पंधरा वर्षांचे हप्ते एका बैठकीत सोसता आणि रात्री मागच्या सतरा-अठरा वर्षांचा संसार. एवढं एका दिवसात कुणाला पेलणार?

मात्र याच गोष्टीत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञाही आहे, शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, सोय म्हणून. नियोजन म्हणजे अविश्वास नव्हे. म्हणून आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी सकाळी, दीराला किंवा मंडळीतल्या बँकेत काम केलेल्या एखाद्या काकांना बोलावून कागद घेऊन बसा. गृहकर्जावर विमा होता का? ते नोकरीत असताना गेले आणि पीएफ कापला जात होता, तर विधवा निवृत्तिवेतन आणि ईडीएलआयचा (पीएफला जोडलेला) जीवन विमा, ज्याची मर्यादा 7 लाखांपर्यंत आहे, यांचे अर्ज गेले का? चौदा महिन्यांनंतरही हे न केलेली घरं मी पाहिली आहेत, कारण दारावर वचनं सांगणारे पुष्कळ येतात आणि फॉर्म भरून देणारा येत नाही. शनिवार सोडून इतर दिवशी हप्त्याचा विचार आला की वहीत एक ओळ लिहून ठेवायची, "शनिवारी बघू".

रात्रीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. अंथरुणात पडून, दिवा मालवून, कानाशी फोन धरून तुम्ही त्यांचा आवाज ऐकता. त्यात काय असतं याचा मला अंदाज आहे, कारण असे मेसेज लोकांनी मला ऐकवलेत. "ठाण्याला गाडी बदललीय, कोथिंबीर आणू का?" असलंच काहीतरी साधं. हे ऐकण्यात पाप नाही, वेडही नाही. पण त्यात एक पहारा असतो: मी ऐकायचं थांबवलं, विसरले, झोपले, तर ते पुरते नाहीसे होतील आणि दोष माझा असेल. ख्रिस्ती आशेचा आजच्या दिवसाशी संबंध मला इथे दिसतो. मेलेल्याला राखून ठेवणं तुमच्याकडे सोपवलेलंच नाही, ते देवाकडे आहे. ते प्रभूजवळ आहेत, या बोलण्याचा उपयोग तुमचं रडणं थांबवायला करू नये. तुमचा पहारा उतरवायला जरूर करावा. तुम्ही आज रात्री झोपलात तरी त्यांचं काही बिघडणार नाही.

म्हणून मेसेज पुसू नका. उलट मुलाकडून ते दुसरीकडे साठवून घ्या, फोन बिघडला तर जाण्याची भीती तरी राहणार नाही. मग ऐकायची वेळ बदला. रात्री अकराऐवजी दिवेलागणीला, खुर्चीत बसून, अर्धा तास. त्यात मेसेज ऐका, जुने फोटो काढून बघा, तुमचं स्तोत्र लिहा, मोठ्याने रडा. उठताना "हे परमेश्वरा, हे आता तुझ्याकडे" असं काहीतरी तोंडाने म्हणा आणि लगेच हाताने करायचं एक काम घ्या, भाजी निवडायची किंवा कपड्यांना इस्त्री करायची. पहिले काही दिवस हे खोटं वाटेल. रात्री पुन्हा फोनकडे हात जाईल, जाऊ दे. रिचार्जचंही तसंच. तो थांबला की काही काळाने नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो, हे ठाऊक असू द्या. बँक, गॅस, सोसायटी यांतून तो नंबर बदलून झाल्यावर तुम्हाला वाटेल तेव्हा थांबवा. कुणी सांगितलं म्हणून थांबवू नका.

मागे वळायचं आणि पुन्हा आजच्या कामाला लागायचं, ही येजा मानसशास्त्रालाही मान्य आहे. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातला माणूस कधी गमावलेल्याकडे तोंड करतो, कधी नव्याने उभारायच्या आयुष्याकडे, आणि हे हेलकावे निरोगी आहेत. शोकाच्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील. त्या क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडल्या त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांबरोबरच्या कामातून. त्या क्रमाने चढायच्या असतात असं धरून स्वतःला नापास करू नका.

परिचारिका म्हणून एक विचारते. जेवता का? संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं. एलिया जेवून पुन्हा झोपला, दूताने त्याला पुन्हा उठवून खायला लावलं. शोक अंगावर निघतो. रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासून घ्या.

चौदा महिने झालेत म्हणून आणखी थोडं सांगते. 2022 पासून मनोविकारांच्या वर्गीकरणात लांबलेला शोक हे वेगळं निदान आहे. अमेरिकन पद्धतीत प्रौढांसाठी किमान 12 महिने धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 6. नुसती आठवण येणं किंवा रडणं म्हणजे हा आजार नव्हे. जवळजवळ रोज तीव्र ओढ, जगण्याला अर्थच नाही असं वाटणं, सुन्नपणा, आणि घरकाम, नोकरी, मूल काहीच सांभाळता न येणं, असं सतत असेल तर तज्ज्ञाला दाखवावं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं ठामपणे म्हणता येत नाही, पण एकदा भेटून यायला काहीच हरकत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर फुकट बोलू देते. प्रार्थना करणाऱ्याने समुपदेशकाकडे जाऊ नये, असं म्हणणारे मधुमेहाच्या गोळ्या मात्र घेतात.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विधवा-विधुरांच्या तोंडून मी वारंवार ऐकते: "मलाही त्यांच्याजवळ जायचंय." पौलानेही हे लिहिलंय. फिलिप्पैकरांना तो सांगतो की सुटून ख्रिस्ताजवळ जाणं फार चांगलं, पण तुमच्यासाठी देहात राहणं जास्त गरजेचं आहे. ओढ असणं वेगळं. ती ओढ कधी रात्री कसं, केव्हा या विचारांवर गेली, तर त्या क्षणी कुणाला तरी उठवा, 14416 लावा, एकट्या राहू नका.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव इथे लोक हटकून घेतात. 1919 मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले, त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मोठी गोष्ट आहे. पण ती तुमच्या डोक्यावर मारली जाऊ नये. टिळकांमागे त्या बरीच वर्षं जगल्या, आणि काव्य काही पहिल्या वर्षात पुरं झालेलं नाही. तुमच्याकडे सध्या दहावीचा मुलगा आहे, तेवढं पुरे. तो रडत नसेल, सारखा मोबाइलवर असेल, तर त्याला दुःख नाही असं समजू नका. या वयात शोक तुकड्यातुकड्याने येतो. तुमचं दिवेलागणीचं रडणं त्याच्यापासून लपवू नका, मात्र त्याला तुमचा नवरा किंवा पाळक (मंडळीचा धर्मगुरू) करू नका.

कबरीबद्दल. या भागात जागा कमी, म्हणून पुष्कळ कबरस्तानांत काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. ऐकून पोटात खड्डा पडणं साहजिक आहे. एक मात्र सांगते, येशूच्या काळी यरुशलेमेच्या परिसरात हीच रीत होती. देह खडकातल्या कबरेत ठेवायचे, वर्षभराने अस्थी गोळा करून चुनखडीच्या पेटीत भरायचे. अशा पेट्या उत्खननात ढिगाने सापडल्या आहेत. येशूला ठेवलं ती कबरही अरिमथाईकर योसेफाची, परक्याची. आपली आशा त्या सहा फूट जागेवर कधीच टेकलेली नव्हती. तरी व्यवहार पाहा: नियम काय, मुदत किती, आधी कळवतात का, हे कबरस्तानाच्या कार्यालयातून लेखी घ्या आणि आपला पत्ता, फोन नोंदवून ठेवा. न सांगता उघडली गेली, ही जखम मी घरांत पाहिली आहे. ती टाळता येते. त्या दिवशी जायचं की नाही हे तेव्हा ठरवू. पाळकसाहेबांना प्रार्थनेला बोलावता येतं. काहींना तो दिवस दफनापेक्षा हलका गेला, काहींना जड.

नाताळला उपासनेला जायचं असेल तर दाराजवळच्या बाकावर बसा आणि एका मैत्रिणीला आधीच सांगा की मधेच उठले तर मागे येऊ नको. संदेश झाल्यावर निघालात तरी चालतं. दारात भेटीगाठींची रांग असते, ती चुकवायला लवकर निघणं उत्तमच. बाल्कनीत चांदणी दरवर्षी तुमचे मिस्टरच लावत असतील तर मुलाला विचारा, त्याला लावायची आहे का. लावली तर लावली. फराळाचं मात्र आत्ताच सांगून ठेवा, डिसेंबरच्या मध्यावर नाही म्हणणं जमत नाही: या वर्षी करंज्या मंडळीतल्या बायकांनी कराव्यात आणि डबा तुमच्याकडे पाठवावा.